पहिल्या घासाची वेळ

मित्रांनो, जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांशेजारी बसलेलं मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. माझी टिकटिक जरा घोगरी वाटेल. वय झालं, दुसरं काय! चालतो अजून, पण वाजत मात्र नाही. वाजायचा आता कंटाळा आलाय, असं म्हणा. त्यामागे एक चूक आहे. ती माझ्या हातून झाली आणि गंमत अशी, की ती करताना मी एका मिनिटानेही चुकलो नव्हतो.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलाशी डोळ्याला भिंग लावलेला एक कारागीर. कुणी चाकं बसवायचं, कुणी काटे. माझ्या डोक्यावर दोन घंट्या बसवल्या आणि मधे इवलीशी हातोडी. पाठीला दोन चाव्या दिल्या, एक चालण्याची आणि एक गजराची. मग आम्हाला तीन दिवस फळीवर नुसतं चालत ठेवलं. जो मागे पडेल त्याला पुन्हा उघडायचे. मला कुणी उघडलं नाही, आणि या गोष्टीचा मला पुढे फार गर्व झाला.

दुकानातून मला एका तरुणाने उचललं. त्याला नुकतीच बस डेपोत नोकरी लागली होती. कोणती गाडी किती वाजता सुटणार ते बघायचं आणि शिट्टी मारायची, हे त्याचं काम. त्याने दुकानदाराला विचारलं, "आवाज दणदणीत आहे ना? मला नुसतं जागं करून भागणार नाही. हा उठवून बसवणारा पाहिजे."

तेव्हापासून मी त्याच्या उशाशी. पहिली गाडी साडेपाचची, म्हणून माझा गजर चारचा. तीस वर्षांत मी त्याला एकदाही दगा दिला नाही. डेपोत सगळे त्याला 'साहेब' म्हणायचे, म्हणून मीही साहेबच म्हणतो. साहेबांचा नियम एकच होता, गाडी सुटली म्हणजे सुटली. कुणी धावत येवो, हात करो, रडो. एकदा तर त्यांची स्वतःची बायको माहेरी जायला निघाली आणि स्टँडवर एक मिनिट उशिरा पोहोचली. साहेबांनी शिट्टी मारली. गाडी तिच्या नाकासमोरून गेली. पुढच्या गाडीपर्यंत दोन तास ती बाकावर बॅग घेऊन बसली, आणि पुढची तीस वर्षं ती गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगत राहिली. "स्वतःच्या बायकोला स्टँडवर बसवून गाडी सोडणारा माणूस आहे हा!" साहेब हसून म्हणायचे, "मग? गाडी काय तुझ्या एकटीची होती?"

घरात मात्र त्यांचा कारभार अगदी उलटा होता. दिवसभर कुणासाठी न थांबणारा हा माणूस जेवायला सगळ्यांसाठी थांबायचा. घरातलं शेवटचं माणूस येऊन हात धुऊन बसेपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही. लेक लहान असताना भुकेने कळवळायची, तरी नाही. हा नियम लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे तोच आमच्या अंगाशी आला.

साहेब निवृत्त झाले तसा मीही झालो. लवकर उठायचं कारण उरलं नाही. खिशात मोबाइल आला, त्यात म्हणे घड्याळही असतं. मला कपाटावर ठेवलं, जुन्या छत्र्या आणि फ्यूज गेलेल्या बल्बांच्या सोबतीला. सहा वर्षं मी बंद होतो. बंद घड्याळाला वाईट वाटतं का? वाटतं. दिवसातून दोनदा आपण बरोबर असतो, पण बघायला कुणी नसतं.

मग एके दिवशी साहेबांचा हात वर आला आणि मी खाली उतरलो. त्यांच्याकडे पाहून मला धक्काच बसला. गाल बसलेले, मनगट काटकीसारखं. शर्ट खांद्यावरून असा लोंबत होता जणू दुसऱ्याचा घातलाय.

झालं होतं असं. पोटाच्या मागच्या बाजूला, जठराआड आडवं पडलेलं एक इंद्रिय असतं, त्याला स्वादुपिंड म्हणतात. आपण जेवलो की ते एक रस सोडतं. त्या रसाने अन्नाचे, विशेषतः त्यातल्या स्निग्ध भागाचे, बारीक बारीक कण होतात, आणि मगच ते अंगी लागतं. साहेबांच्या स्वादुपिंडाला कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी साहेब, त्यांची बायको आणि लेक अशा तिघांना समोर बसवून सांगितलं, की तो पसरलाय. त्यानंतर डॉक्टर बराच वेळ बोलत होते. कोणती गोळी कशासाठी, कशी घ्यायची, सगळं सांगत होते म्हणे. पण 'पसरलाय' या शब्दानंतरचं एक अक्षरही तिघांच्या कानात गेलं नाही.

केमो, म्हणजे सलाइनमधून द्यायचं कॅन्सरचं औषध, दवाखान्यातच सुरू झाली; घरी आली ती औषधांची एक पिशवी. दुखण्याची गोळी, मळमळीची गोळी, पित्ताची गोळी आणि एका बाटलीत मोठाल्या कॅप्सूल. लेकीने गोळ्या टेबलावर मांडल्या. साहेबांनी पुठ्ठा घेतला, पट्टी घेतली, डेपोत करायचे तसं वेळापत्रक आखलं. सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ. "सगळ्या गाड्यांना एकच टाइम," ते म्हणाले. "गोंधळ नको."

"बाबा, मोबाइलवर लावून देते ना गजर."

"त्याच्यात गाणं वाजतं. गाण्याने कुणी गोळी घेतं का? ते आपलं जुनं कुठाय बघ."

असा मी पुन्हा कामाला लागलो. माझा गजराचा काटा आठवर लावला, की सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा वाजतो. एकसाठी साहेब तो हाताने फिरवायचे आणि मग पुन्हा आठवर आणायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आणि मी! खोटं कशाला बोलू, मी खूश होतो. घरात एवढं मोठं आजारपण आलेलं आणि मला वाटत होतं, चला, आपली कुणाला तरी गरज लागली.

लेक तिच्या दीड वर्षाच्या छोटीला घेऊन इथेच राहायला आली होती. नोकरीवरून परतायला तिला साडेआठ व्हायचे. मग छोटी तिच्या अंगाला चिकटायची, मग तिचे हातपाय धुणं, मग ताटं. म्हणजे आठची कॅप्सूल आठला पोटात, आणि पहिला घास सव्वानऊला. दुपारीही तेच. मी एकला वाजायचो, साहेब पाणी घेऊन कॅप्सूल गिळायचे, पण त्यांची बायको आधी छोटीला भरवून झोपवायची, तेव्हा कुठे दोघांची ताटं वाढली जायची, दोन वाजता. सकाळी आठला नुसता कोरा चहा, न्याहारी साडेनऊला. हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर चालायचं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी फक्त वेळ बघत होतो.

साहेब जेवत होते, तरी उतरत होते. पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं, मग आणखी एक. जेवल्यावर पोट फुगायचं, कळा यायच्या. मग ते ताट अर्ध्यावर सारू लागले. त्यांच्या बायकोला ते जिवाला लागायचं.

"आता माझ्या हातचं गोड लागत नाही तुम्हाला."

"अगं, गोड लागतंय."

"मग हे कुणासाठी ठेवलंय? मांजर आहे आपल्याकडे?"

साहेब उठून संडासात जायचे. आतून पाण्याचा आवाज यायचा. मग पुन्हा यायचा. मग पुन्हा.

तो आवाज सगळ्यांत आधी लेकीने मोजला. लहान मूल असलेल्या बाईचे कान वेगळेच असतात. छोटी खोकली तरी ही पलीकडच्या खोलीतून उठून यायची. आणि दारातून आत पाऊल टाकल्या टाकल्या आईला पहिला प्रश्न, "छोटीला शी झाली? कशी झाली?" एका रविवारी न्याहारी झाल्यावर साहेब आतून बाहेर आले, तशी ती सरळ समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला शी कशी होते?"

साहेब दाराशीच थबकले. "काय विचारतेस बापाला!"

"दीड वर्षं रोज तेच बघतेय मी. मला काय त्याचं? रंग सांगा."

"अगं, जरा तरी..."

"रंग, बाबा."

साहेबांनी बायको स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून घेतली. खुर्चीत बसले. मग खाली बघत म्हणाले, "फिकट. ओल्या मातीसारखी. आणि तेलकट. वर तरंगते. चार वेळा पाणी ओतलं तरी जात नाही. वास तर असा... मला माझीच लाज वाटते."

"कधीपासून?"

"दोन-अडीच महिने असतील."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"ही काय पेपरात द्यायची बातमी आहे?"

मित्रांनो, तुम्ही हसाल. छोटीची शी आली की आम्हीही हसायचो. पण त्या खोलीत त्या दिवशी जे बोलणं झालं, तसं खरं बोलणं गेल्या दोन महिन्यांत झालं नव्हतं. फक्त त्याचा अर्थ मात्र चुकीचा लागला. साहेबांची बायको आतून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "तेलकट ना? मग तेलच बाधतंय." त्या दिवसापासून तिने तेल बंद केलं, लोणी बंद केलं, अंडंही बंद. उकडलेला बटाटा आणि भात. लेकीच्या मनातून शंका जाईना. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारू या." पण पुढची खेप दोन आठवड्यांनी होती, आणि त्या दोन आठवड्यांत साहेब अजून दोन किलोंनी उतरले.

डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि चष्मा काढला. "हे असंच उतरत राहिलं तर पुढची केमो देता येणार नाही," ते म्हणाले. "शरीराला झेपणार नाही. आज देत नाही. पंधरा दिवसांनी बघू." लेकीने आपली शंका सांगितली. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली आणि तिघांना खालच्या मजल्यावर आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

हे मला कसं ठाऊक? मी तिथे होतो. दवाखान्यात उशीर होणार, एकची गोळी चुकायला नको, म्हणून साहेबांनी मला कापडी पिशवीत घालून बरोबर नेलं होतं.

आहाराच्या बाई तरुण होत्या. टेबलावर फाइलींचा ढीग होता. त्या विचारत होत्या, लेक सांगत होती. सकाळी काय खातात, दुपारी काय, दूध घेतात का. सगळं वहीत उतरवून झालं. "तेल पूर्ण बंद केलंय," साहेबांची बायको जरा अभिमानाने म्हणाली. बाईंनी मान वर केली आणि काही बोलणार, तेवढ्यात मी वाजलो.

मी कधीच हळू वाजलेलो नाही. बाईंच्या हातातलं पेन पडलं. बाहेरच्या बाकावरच्या एक आजी "काय झालं, काय झालं" म्हणत उठल्या. साहेबांनी शांतपणे पिशवीत हात घालून मला गप्प केलं, खिशातून डबी काढली, कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर दोन घोट पाणी घेतलं.

"एक वाजला," ते म्हणाले. "मिनिट चुकत नाही आपलं."

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. "ही ती मोठी कॅप्सूल ना? आता जेवणार?"

"आता कुठे? घरी जाऊन. दोन-अडीच होतील."

"रोज असंच?"

"रोज. आठ, एक, आठ. जेवण काय, मागेपुढे होतं. आमच्यात सगळे आल्याशिवाय बसत नाहीत."

बाईंनी वही मिटली. खुर्ची पुढे ओढून त्या साहेबांच्या जवळ बसल्या. "काका, तुमच्या पोटात जो रस तयार व्हायचा, तो आता पुरेसा येत नाही. तोच रस या कॅप्सूलमध्ये भरलाय. त्याला अन्नासोबतच जायला हवं. दोघांची पोटात गाठ पडली, तरच अन्न पचणार. ही आधी एकटी गेली, की तिचं काम वाया. मागून जेवण जातं, ते तसंच्या तसं बाहेर. तेलकट दिसतं ते त्यामुळे. तेलाचा काही दोष नाही, काकू."

साहेब स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी अडीच महिने रिकाम्या गाड्या सोडल्या."

"हं?"

"गाडी वेळेवर सुटली. प्रवासी मागून येऊन स्टँडवर उभे."

मित्रांनो, मी पिशवीत होतो, छत्री आणि पाण्याच्या बाटलीमध्ये. लाज वाटली तरी घड्याळाला तोंड लपवता येत नाही, ते कायम समोरच असतं. त्या दिवशी मात्र पिशवी होती म्हणून बरं. दर गजराला मी मनात म्हणायचो, बघा, मी चुकलो नाही. आणि दर गजराला मी त्या माणसाचा एक घास वाया घालवत होतो.

लेक मात्र लाजत बसली नाही. तिने खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. छोटी आज शेजारी होती, तरी तिथे तिचा डबा असायचाच. दोन बिस्किटं आणि अर्धं केळं निघालं. "खा बाबा, पटकन. मघाची गाडी अजून फाटकाबाहेर पडली नसेल."

आहाराच्या बाई हसल्या. साहेब हसले. त्यांची बायकोच तेवढी रडत होती. "मी त्यांचं तेल तोडलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. साहेबांनी बिस्किटाचा तुकडा मोडून तिच्याही हातावर ठेवला. शेवटचं माणूस बसल्याशिवाय त्यांच्या घशाखाली काही उतरायचं नाही ना!

बाईंनी मग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल, जेवण लांबलं तर मधे आणखी. दूध प्यायलं, अंडं खाल्लं, तरी त्याच्यासोबतही. गरम पदार्थात उघडून टाकायची नाही. आणि आधीचा डोस कमी पडतोय, म्हणून डॉक्टरांशी बोलून त्यांनी तोही वाढवून घेतला. मग प्रत्येकाला कागद वाचून दाखवायला लावला. आधी साहेबांनी वाचला, मग त्यांच्या बायकोने, मग लेकीने. 'पसरलाय' या शब्दानंतर जे ऐकायचं राहून गेलं होतं, ते त्या खोलीत तीन वेळा वाचलं गेलं.

त्या संध्याकाळी साहेबांनी माझी गजराची चावी देणं थांबवलं. "तुझा काही दोष नाही रे," ते मला म्हणाले. त्यांनी असं म्हटलं म्हणूनच मला जास्त लागलं.

डबी आता ताटाजवळ असायची, पाण्याच्या भांड्याला टेकून. सगळे बसले, साहेबांनी घास उचलला, की लेक म्हणायची, "गोळी." कधी छोटीच बोट दाखवायची. भाजीत तेल आलं. पहिल्या दिवशी साहेबांच्या बायकोने ते भीत भीत घातलं आणि जेवण होईपर्यंत त्यांच्या पोटाकडे टक लावून बसली. "अगं, फुगा आहे का तो फुटायला?" साहेब म्हणाले. चार-पाच दिवसांत कळा कमी झाल्या. पाण्याचा आवाज एकदाच येऊ लागला. लेकीने तोही मोजला. ताट रिकामं होऊ लागलं, रोज नाही, पण बरेचदा.

पंधराव्या दिवशी ते दोघं दवाखान्यात गेले, लेक छोटीपाशी घरी थांबली. मला नेलं नाही. मी टेबलावर टिकटिकत बसलो. माझ्या आयुष्यात ती दुपार सगळ्यांत हळू सरकली, आणि हे मी म्हणतोय, ज्याच्या अंगावर प्रत्येक सेकंद सारख्याच मापाचा बसवलाय. दार उघडलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. साहेबांच्या हाताला सुईची पट्टी होती. केमो दिली होती. साहेबांची बायको चपला काढायच्या आधीच छोटीला सांगू लागली, "तुझ्या आजोबांचं वजन चारशे ग्रॅम वाढलं!" चारशे ग्रॅम म्हणजे किती, ते छोटीला काय कळणार. पण तिने टाळ्या वाजवल्या.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्या कॅप्सूलने कॅन्सर गेला नाही. तो जाणार नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अजून चार केमो झाल्या, मग डॉक्टर म्हणाले, आता पुरे. आठ महिन्यांनी साहेब गेले. पण त्या आठ महिन्यांतले बहुतेक दिवस ते ताटावर बसले, पोट धरून न उठता. त्यांनी छोटीला आपल्या हाताने अंडं भरवलं. बायकोच्या हातची भाजी आवडीने पुन्हा मागितली, दोनदा. माझ्यासारख्या जुन्या यंत्राच्या मते हे कमी नाही.

आता मी दमलोय. लेक अधूनमधून चालण्याची चावी देते, म्हणून चाललोय. गजराला ती हात लावत नाही, आणि मीही तिला तसा आग्रह करणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर गजर जरूर लावा. वेळ पाळणं वाईट नाही. पण गजर वाजल्यावर गोळी कुठे जातेय, सोबत काय जातंय, डॉक्टर नक्की काय म्हणाले होते, हे बघायला माणूसच लागतो. समजलं नसेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि घरातल्या त्या आजारी माणसाला तुम्ही 'जेवलात का?' असं विचारत असालच. आपल्याकडे सगळेच विचारतात, आणि 'हो' ऐकलं की उठून जातात. तुम्ही उठू नका. जरा टेकून बसा आणि पुढचंही विचारा, 'अंगी लागतंय का?'